कप्तानांनी दाखवलेलं गाव

कप्तान कुणालाही सोबत घेण्याआधी त्याची पिशवी उघडायचे. परवानगी विचारायची पद्धत नव्हती. मुलुंड चेकनाक्यावरच्या चहाच्या टपरीपुढे आम्ही फटफट्या लावून उभे असायचो आणि हा उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस एकेकाच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालायचा. पहिल्याच रविवारी माझ्या पिशवीतून त्यांनी जास्तीचा शर्ट, पावडरचा डबा, ट्रान्झिस्टर आणि आईने दिलेल्या चकल्या काढल्या. चकल्या तिथल्या तिथे वाटून टाकल्या. बाकीचं सामान टपरीवाल्याच्या हवाली केलं. "परत येताना घे," म्हणाले. "घ्यावंसं वाटलं नाही तर तुझं भलं झालं असं समज."

ते लष्करात नव्हते की जहाजावर नव्हते. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी वर्कशॉपला होतो आणि ते ड्रॉइंग ऑफिसात सीनियर ड्राफ्ट्समन होते. रविवारी आमच्या सात-आठ गाड्यांच्या पुढे त्यांची जुनी गाडी असायची, म्हणून ते कप्तान. आम्ही सगळे पंचविशीतले, ते पन्नाशीला टेकलेले. घाटकोपरला दोन खोल्यांत एकटे राहायचे. घरात खुर्ची नव्हती. कुणी विचारलंच तर सांगायचे, "खुर्ची आणली की टीपॉय लागतो. टीपॉय आला की त्यावर ठेवायला काहीतरी लागतं. मग ते पुसायला माणूस लागतं. त्यापेक्षा चटई बरी." एक स्टोव्ह, दोन पातेली, दोरीवर दोन पँटी. आम्ही चाळीत वाढलेली मुलं. आमच्या घरांत सामान नव्हतं ते परवडत नव्हतं म्हणून. नसणं हे कुणी मुद्दाम निवडलेलं असू शकतं, हे मी पहिल्यांदा त्या खोलीत पाहिलं आणि भारावून गेलो.

बोलणं फटकळ होतं, पण माणूस कोरडा नव्हता. माझे वडील मुलुंडच्या इस्पितळात पडून होते तेव्हा कारखाना सुटला की ते घरी न जाता तिकडे यायचे. डब्यात स्वतः रांधलेला मऊ भात असायचा. वडिलांना भरवायचे, ओठ पुसायचे आणि मला म्हणायचे, "जा, बाहेर जाऊन चहा पिऊन ये. रडायचं असलं तर तेही उरकून ये." वडील गेले त्या सकाळी खांदा द्यायला चुलत्यांच्या आधी कप्तान हजर होते. पुढचं सगळं सांगताना हे मला विसरता येत नाही. विसरता आलं असतं तर काम सोपं झालं असतं.

मग गोव्याची रॅली ठरली. रॅली म्हणजे शर्यत नव्हे. सगळ्यांनी एकत्र निघायचं आणि ठरल्या दिवशी एकत्र पोचायचं. हायवेने सगळेच जातात, आपण किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ, हा कप्तानांचा आग्रह. त्या काळी किनाऱ्यावरच्या कितीतरी खाड्यांना पूल नव्हते. दोन होड्या एकमेकींना बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि एकेक गाडी पलीकडे न्यायची. देवगडच्या अलीकडच्या अशाच एका खाडीत माझी गाडी फळीवरून घसरली आणि पार पाण्यात गेली. होडीवाल्याने मागचापुढचा विचार न करता उडी मारली, हँडलला दोर बांधला आणि चौघांनी मिळून ती ओढून काढली. इंजिनात खारं पाणी शिरलं होतं. मंडळींची तोंडं उतरली. गोव्याला वेळेवर पोचायचं होतं ना!

"तुम्ही व्हा पुढे," कप्तान त्यांना म्हणाले. "मी सुध्याबरोबर थांबतो."

माझ्यासाठी या माणसाने रॅली सोडली, याचं मला केवढं अप्रूप वाटलं होतं.

होडीवाल्याचं नाव यशवंत. माझ्याच वयाचा, काळासावळा, हसला की डोळे मिटणारा. त्याचं घर खाडीच्या तोंडाशी होतं. कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, तिकडचं खळं, मागे माड आणि माडांपलीकडे थेट समुद्र. त्याची आई, आम्ही तिला काकी म्हणू लागलो, ओल्या कपड्यांतल्या आम्हा दोघांना बघून एवढंच म्हणाली, "आदी जेवक बसा. गाडी खंय पळान जातली?"

चार दिवस आम्ही तिथे होतो. कप्तान आणि मी खळ्यात गाडी सुटी करून एकेक भाग गोड्या पाण्याने धुवायचो, तेलात बुडवायचो, उन्हात ठेवायचो. सकाळी पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी, दुपारी आमटी-भात. विहिरीवर अंघोळ, पडवीत झोप. यशवंतने मला जाळं फेकायला शिकवलं. मला जमेना तेव्हा तो पोट धरून हसला. "रे सुधाकरा, तू जाळा टाकतंस की धोतर वाळत घालतंस?" लहानपणापासून ओळखत असल्यासारखा बोलायचा. मुलुंडला आमच्या घरी तेव्हा आईचा रंगीत टीव्हीसाठी हट्ट चालला होता. इथे संध्याकाळी सगळे खळ्यात बसायचे आणि समुद्राकडे बघायचे, बस. मला वाटलं, कप्तान इतकी वर्षं जे सांगत होते ते हेच.

कप्तानही तिथे खुलले होते. काकींना मासे साफ करून द्यायचे, विहिरीचं पाणी काढून द्यायचे. "बघ सुध्या," मला म्हणाले, "या घरात एकही वस्तू दुसऱ्याला दाखवण्यासाठी ठेवलेली नाही." संध्याकाळी ते माडांमधून एकटेच लांब फिरून यायचे. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, भरतीचं पाणी कुठवर येतं, जागा कुणाच्या नावावर आहे, असं काहीबाही यशवंतला विचारायचे. ड्राफ्ट्समन माणूस, चौकस असायचाच, असं मला वाटायचं. निघताना काकींच्या पाया पडले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते पाणी खरं होतं की नाही, हे मी पुढे किती वेळा मनाशी तपासून पाहिलं असेल! अजून ठरवता आलेलं नाही.

यशवंत आणि माझी गाठ पक्की बसली. पुढच्या मे महिन्यात तो आंब्यांची पेटी घेऊन मुलुंडला आला आणि आठवडाभर आमच्या गॅलरीत झोपला. आईला तो इतका आवडला की तिने त्याच्यासाठी मुलगी बघायला सुरुवात केली. जाताना मला म्हणाला, "तुमच्या हंय माणसा खूप, पण कोण कोणाक हाक मारीत नाय." मी दोनदा त्याच्याकडे जाऊन आलो.

त्याच सुमारास कप्तानांचं रविवारी येणं कमी झालं. विचारलं की म्हणायचे, "गुडघा धरतो रे." चेकनाक्यावर आम्ही वाट बघून त्यांच्याशिवाय निघायचो. मग एक दिवस त्यांनी कारखान्याचा राजीनामा दिल्याचं कळलं. मी हादरलो. ते म्हणाले, "खूप रेघा ओढल्या दुसऱ्यांसाठी. आता जरा मोकळा होतो." मला त्याचंही कौतुकच वाटलं.

माझं लग्न झालं. फिरायला कुठे जायचं यावर घरात चर्चा चालली होती. मी बायकोला म्हटलं, "तुला एक घर दाखवतो. तसं घर तू बघितलं नसशील." तिला मागे बसवून निघालो. वाटभर मी तिला यशवंतच्या, काकींच्या गोष्टी सांगत होतो.

खाडी ओलांडून पोचलो तर घरच नव्हतं. खळ्याच्या जागी खडीचे ढीग होते. माडांभोवती काटेरी तार होती आणि आत मजूर पाया खणत होते. मला वाटलं रस्ता चुकलो. पण विहीर ओळखीची होती.

काकी वरच्या वाडीत, बहिणीच्या पडवीत सापडल्या. माझ्या बायकोला कुंकू लावलं, गुळाचा खडा हातावर ठेवला. मीच विचारलं, "काकी, हे काय झालं?"

"तुका ठावक नाय?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुझोच माणूस मां तो? तुझा नाव घेवन इल्लो. म्हणालो, मी आनी सुधाकर मिळान जागा घेतंव, मुंबयच्या पोरांका येवन रवाक. तुमी हंयच रवा, माड तुमचेच, घर तुमचाच. सुधाकराचा नाव आयकला आनी यशवंतान आंगठो दिल्यान."

"आणि मग?"

"मगे काय? हाटेलवालो इलो. तुझ्या माणसान तेका सगळा इकल्यान."

यशवंत घरात होता. दाराआडून त्याचे पाय दिसत होते. मी हाक मारली, दोनदा मारली. तो बाहेर आला नाही. शेवटी काकीच म्हणाल्या, "जावा बाबा. उन्हाच्या आदी निघा." माझ्या बायकोने परतीच्या वाटेवर मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे उपकार मी अजून मानतो.

मुंबईला आल्यावर तडक घाटकोपरला गेलो. मला वाटलं होतं, खोलीत काहीतरी बदललेलं असेल. नवा पलंग, पंखा, काहीतरी. मला ते बघायचं होतं, म्हणजे माणूस ओळखायला सोपा गेला असता. पण खोली होती तशीच होती. तीच चटई, तोच स्टोव्ह. कप्तान तांदूळ निवडत बसले होते.

"ये सुध्या, बस."

मी उभाच राहिलो. "तुम्ही तिथे माझं नाव सांगितलंत."

"सांगितलं." त्यांनी तांदळातून मानही वर केली नाही. "त्यांचा विश्वास तुझ्यावर होता. माझ्यावर नव्हता."

"त्यांना तिथेच राहू देणार म्हणालात."

"तेव्हा तसंच मनात होतं. नंतर नाही जमलं. होतं असं."

"होतं असं? कप्तान, ती बाई बहिणीच्या पडवीत राहते!"

आता त्यांनी ताट खाली ठेवलं. "सुध्या, तू तिथे पाहुणा होतास. पेज चार दिवस गोड लागते. यशवंतला कधी विचारलंस, त्याला पेज आवडते का? तुला बघायला बरं वाटतं म्हणून त्यांनी जन्मभर कंदिलाच्या उजेडात बसायचं?"

"तुम्ही विचारलंत त्याला?"

ते उठून स्टोव्हला पंप मारू लागले. चहा टाकणार होते, नेहमीसारखा, दोघांचा. मी जिना उतरलो. मागून हाक येईल असं खाली रस्त्यावर पोचेपर्यंत वाटत होतं. ती आली नाही. ती आमची शेवटची भेट.

रविवारच्या मंडळींना सांगितलं तर त्यांना फारसं काही वाटलं नाही. "व्यवहार आहे यार, सोड ना," असं म्हणाले. पुढे हॉटेल उभं राहिल्यावर एका रॅलीचा मुक्कामच तिथे पडला. कप्तान आता हॉटेलाचं काम बघत होते आणि पोरांची झकास बडदास्त ठेवत होते. मलाही बोलावणं आलं होतं. मी गाडी विकून टाकली.

आमच्या घरात आजही सामान कमी आहे. बायको चेष्टा करते, मुलं कुरकुरतात. कमी सामानात राहणं मला खरंच आवडतं आणि ते मला त्याच माणसाने शिकवलं, हे मात्र मी कुणाला सांगत नाही. त्यांनी शिकवलेलं खोटं असतं तर फेकून देता आलं असतं. इस्पितळातला मऊ भातही खोटा नव्हता. मग माझ्या नावाचा तसा वापर करताना त्यांचा हात का अडखळला नाही? याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो माणूस चहा टाकत बसला.

नंतर एकदा गावच्या एका माणसाकडून कळलं की यशवंत मुंबईतच आहे, खारदांड्याला कुणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून. मी शोधत गेलो. दुपारची वेळ होती. तो वाळूत जाळं दुरुस्त करत बसला होता. अंगाने सुकला होता, पण मला बघून उठला, हसला. हसल्यावर डोळे तसेच मिटले. बोटीवरच्या एका पोराला पाठवून चहा मागवला. काकी गेल्याचं त्याने सांगितलं. माझ्या आईची, बायकोची चौकशी केली. मी मनातलं सगळं बोलायला सुरुवात केली, की मला काही माहीत नव्हतं, माझं नाव मला न विचारता घेतलं. तो मान हलवत ऐकत होता, तुमचं बरोबर आहे म्हणावं तसा.

मग जाळ्यातली सुई थांबवून त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमचो वाटो तरी नीट दिल्यान मां तेना तुमका?"

"नाही रे," मी म्हणालो. "मला कसला वाटा?"

"अरे देवा," यशवंत हळहळला. "तुमकाय फसयल्यान!"