चहात बुडवलेला दाखला

कोपरखैरण्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि मला अक्कल यायची बाकी होती. सातवीत साठ पोरं. मी फळ्याकडे वळलो की पाठीमागे बाजार भरायचा. त्यात मी कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि डोक्यात खूळ शिरलं. वर्गात चार टेबलं मांडायची, प्रत्येकावर वेगळं काम, पोरांनी गटागटाने एकेक टेबल करत फिरायचं आणि मास्तरने मधे तोंड घालायचं नाही. हे शेवटचं कलम मला जमलं नाही, म्हणून तर ही गोष्ट लिहितोय.

पहिल्या टेबलावर खाडीचा जुना नकाशा, दुसऱ्यावर पायली, अडशेरी अशी धान्य मोजायची मापं. तिसऱ्यावर घरोघरचे जुने कागद. चौथं टेबल माझं लाडकं: पोरांनी जुन्या काळातलं पत्र लिहायचं, बटाट्याचा शिक्का मारायचा आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घालायचा. म्हणजे तो शंभर वर्षांचा दिसतो.

आदल्या आठवड्यात गावठाणातली एक मुलगी घरच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन आली होती. मी ती परत केली. वर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "खरा कागद आण. झेरॉक्सला कसला आलाय इतिहास!" स्वतःच्या वाक्यावर मी दिवसभर खूश होतो.

तिने खरा आणला. तिच्या पणजोबांचा, कूळ म्हणून शेत कसत असल्याचा दाखला. शाईने लिहिलेला, खाली अंगठा. मी न वाचताच तिसऱ्या टेबलावर ठेवला.

तास सुरू झाला. दर आठ मिनिटांनी मी पीटीच्या सरांकडून आणलेली शिट्टी फुंकायचो आणि पंधरा-पंधरांचे गट धडपडत पुढच्या टेबलाकडे पळायचे. कुणाचं लिहून झालेलं नसायचं, ते वही, टेबलावरचा कागद, हातात असेल ते तसंच घेऊन पळायचे. दारात मुख्याध्यापिकाबाई हाताची घडी घालून उभ्या. त्यांना दाखवायला मी चौथ्या टेबलावरचा एक सुरेख पिवळट कागद उचलला. "बघा, याला म्हणतात जुना कागद! फक्त एका बाजूने जरा फिका राहिलाय." असं म्हणून मी तो स्वतःच्या हाताने परातीतल्या चहात बुडवला. दोनदा. मग चिमटा लावून दोरीवर टांगला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत त्या मुलीचे वडील आले. हेल्मेट काखेत, कपाळावर घाम.

"मास्तर, पोरीनं घरचा कागद आनलाय ना? द्या मना. तीन वाजता बेलापूरला हापिसात बोलवलाय. मूळ कागद दाखवला नाय तर प्लॉट गेला."

नवं शहर वसवताना सरकारने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांना बदल्यात मिळणारा प्लॉट. पणजोबा ते शेत कसत होते याचा पुरावा म्हणजे तो एकच कागद.

मी रुबाबात तिसऱ्या टेबलाकडे गेलो. रेशनकार्डं होती, एक लग्नपत्रिका होती. दाखला नव्हता. मुलीकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघतच नव्हती. दोरीकडे बघत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमी बुडवला तो."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुमी म्हनला होता, शिट्टी वाजेपर्यंत कोन बोलायचा नाय."

चहाच्या रंगाच्या साठ कागदांमधून मी तो काढला. मधल्या ओळींची शाई पसरली होती. अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. सर्वे नंबरचा शेवटचा आकडा दोन होता की तीन, देव जाणे. वडिलांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बसा गाडीवर," ते म्हणाले. "तुमीच सांगायचा तिथं."

स्कूटरच्या मागे बसून, दोन्ही हातांत कागद उघडा धरून, मी बेलापूरपर्यंत तो वाऱ्यावर वाळवला. धरायला हात मोकळे नव्हते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला मी पडता पडता वाचलो. तुर्भ्याच्या पुढे एक ट्रक शेजारून गेला आणि कागद फडफडून टर्र असा बारीक आवाज झाला. वडिलांनी मागे न बघता विचारलं, "फाटला?" मी म्हणालो, "नाही." कडेला बोटभर फाटला होता.

कारकुनाने कागद नाकाशी नेला. "चहा?"

"मी इतिहास शिकवतो," मी म्हणालो. याहून वाईट सुरुवात मला सुचली नसती.

त्याने सगळं ऐकलं, भिंग काढलं, कागद खिडकीशी धरला. जुनं रजिस्टर मागवलं. त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं आणि शेजारी उभ्या मुलीच्या वडिलांचा श्वास मला ऐकू येत होता. बोट थांबलं.

"तीन आहे. नाव जुळतंय. अंगठा शाबूत आहे म्हणून वाचलात." मग माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "पण असा कागद फायलीला लावायचा तर कारण लागेल. लिहा."

मी लिहिलं: कागद जुना कसा दिसतो हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मूळचा जुना कागद मी चहात बुडवला. कारकुनाने वाचून विचारलं, "एकदाच?" मी 'दोनदा' घातलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर वडिलांनी दाखला रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत ठेवला. स्कूटरला किक मारली. मी मागे बसायला गेलो तर म्हणाले, "तुमी बसनं या."

थोडं पुढे जाऊन थांबले.

"पोरगी इचारील, पुढल्या तासाला काय आनू. काय सांगू?"

"काही नको," मी म्हणालो.

"पायली देतो," ते म्हणाले. "तिला बुडवा हवी तेवढी." आणि गेले.