एकसष्ट ठिपके लाल कोणी केले

बाईंनी भरतकामाचा पांढरा सदरा हँगरवरून काढला आणि सरळ माझ्या छातीला लावून पाहिला. मला न विचारता.

"बसेल तुम्हाला," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मातेओंचा व्हिसा झाला नाही. देणगीदारांना फोटोत कोणीतरी हवंय. तुम्ही साधारण तसेच दिसता."

नेदरलँड्समधल्या लायडनचं सभागृह. शनिवारची दुपार. मध्य अमेरिकेतली प्राचीन माया मंदिरं आणि भोवतालचं वर्षावन वाचवणाऱ्या संस्थेच्या या बाई प्रमुख. मी आइंडहोवनला इंजिनियर. सुट्टीच्या दिवशी उपग्रहाची छायाचित्रं मोजून त्यांना नकाशे करून द्यायचो. फुकट. मातेओ त्या जंगलातले माया शेतकरी, साठी उलटलेले. ते बोलायला येणार होते. संस्थेचं आमंत्रणपत्रच उशिरा गेलं.

मला या कामात आणणारा पुण्याचा सहकारी शेजारी उभा होता. हसून म्हणाला, "अरे, घाल की! इथेही कोट्यातून सीट मिळाली तुला. ओरिजिनल जंगलवाला!"

मी घातला. लिहायची लाज वाटते, पण घातला. सात फोटो निघाले. मोजायची सवय आहे मला.

सातव्या फोटोनंतर मागे वळलो. भिंतीवर माझाच नकाशा. वर मथळा: 'लुप्त झालेल्या माया लोकांचं जंगल'. मंदिरांच्या टेकाडांभोवती एकसष्ट लाल ठिपके. लाल म्हणजे माणसांनी नासवलेलं जंगल. तिथे शेती कायमची बंद करा, असा ठराव संस्था तिथल्या सरकारकडे पाठवणार होती.

लाल मीच भरला होता. आधीच्या छायाचित्रापेक्षा झाडं कमी दिसली की लाल. साधा नियम.

दीड-दोन महिन्यांपूर्वी तो नकाशा मी मातेओंना फोनवर पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं होतं: "सात ठिकाणी बाहेरच्यांनी गुरांसाठी जंगल कापलंय. बाकी चोपन्न आमची शेतं. काही वर्षं मका पिकवतो, मग जमीन निजू देतो. परत जंगल होतं. तोडतानासुद्धा चिकूला हात लावत नाही. तुम्ही नकाशा करण्याआधी विचारलं का नाही?"

का नाही विचारलं? मला तर ही शेती ठाऊक होती. रायगडात डोंगराच्या उतारावर आमची दळी होती, फिरत्या शेतीचा तुकडा. काही वर्षं नाचणी, वरी, मग जमीन मोकळी. मी आठ वर्षांचा होतो. पेरणीआधी जमीन भाजायला आईने फांद्यांचा राब रचला होता. वनरक्षकाने तो बुटाने उधळला. म्हणाला, "जंगल खाणारी जात!" आई वाकून फांद्या गोळा करत राहिली.

त्या बुटाचा राग मी इतकी वर्षं जपला. आणि इथे उबदार खोलीत कॉफी पीत तोच बूट चोपन्न शेतांवर ठेवला.

दुरुस्त नकाशा महिन्यापूर्वीच बाईंना दिला होता. भिंतीवर जुनाच. मी सदरा उतरवला, घडी करून त्यांच्या हातात दिला आणि दुरुस्त नकाशा मिळाला नाही का, असं विचारलं.

"मिळाला ना," त्या म्हणाल्या. "पण चोपन्न ठिपके हिरवे केले तर ठरावात उरतं काय? तुम्ही आकडे द्या. गोष्ट आम्ही सांगतो."

मी माइककडे निघालो. सहकाऱ्याने दंड धरला. "सोड ना यार. आपल्याला काय करायचंय?"

मी हात सोडवून घेतला.

"हा नकाशा मी केलाय," मी म्हणालो. "तो चुकीचा आहे. चूक माझी. एकसष्टातली चोपन्न शेतं आहेत. ती कसणारी माणसं लुप्त झालेली नाहीत. त्यांनीच हे जंगल राखलंय. त्यांना वेळेत बोलावता आलं नाही, म्हणून तुम्ही मला त्यांचे कपडे घातलेत."

चाळीसेक माणसं बसली होती. कोणी टाळी वाजवली नाही. बाईंनी माइक बंद केला. मी उरलेलं ओरडून सांगितलं.

सोमवारी संस्थेने माझं लॉगिन बंद केलं. करू दे. दुरुस्त नकाशा, मोजणीची पद्धत आणि माझ्या चुकीची सही केलेली कबुली मी मातेओंच्या गावसभेला पाठवली आहे. संस्थेलाही लेखी कळवलंय: ठराव ज्या ज्या टेबलावर जाईल, त्या प्रत्येक टेबलावर माझी कबुली पोचेल. आणि यापुढे ज्या रानात माणसं राहतात, त्याचा एक ठिपकाही मी त्यांना विचारल्याशिवाय रंगवणार नाही. दुसऱ्या कोणालाही गुपचूप रंगवू देणार नाही.