तणसातलं लोखंड

डिसेंबर १९४७. आमची खेचर कंपनी आमगाव स्टेशनापासून मैलभरावर, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, तळ ठोकून होती. ऐंशी खेचरं आणि हुकूम काश्मीरचा. स्पेशल गाडी त्या दिवशी सोळाशे वाजता, म्हणजे दुपारी चारला सुटणार होती. मी हवालदार, कंपनीचा फिटर. रायफल माझ्याही नावावर होती, पण माझी रोजची लढाई कुट्टी मशीनशी चालायची.

हे मशीन म्हणजे एक जड लोखंडी चाक, त्यावर बोल्टांनी आवळलेली दोन पाती आणि तोंडाशी दातेरी रूळ. रूळ चारा आत ओढतात, पाती त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. चाक एका तेलाच्या इंजिनावर पट्ट्याने फिरे. पातं आणि तोंडाची पट्टी यांच्यात कागद मावेल एवढीच फट हवी. मी रोज सकाळी कागदाची पट्टी धरून चाक हाताने फिरवत असे. कागद साफ कापला गेला तर मशीन ठीक, चुरगळला तर पाना हातात घ्यायचा. या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे आणि त्याचा मला गर्वही होता.

मशीनला चारा घालायचं काम नाईक सुखरामकडे होतं. हा दरेकशाचा, जंगलातल्या घरचा गडी. बोलायला कंजूष, पण हात असा तयार की पेंढी रुळात कधी आडवी जायची नाही. मी तिरोड्याकडचा, बोदलकशाजवळचा. दोघंही याच मुलखातले म्हणून कंपनीत आम्हाला जोडीनेच चिडवत.

गवत कमी पडलं होतं, म्हणून गावातून धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा घेतला. प्रवासासाठी एकशे साठ पोती कुट्टी हवी होती. आमच्या जवानांनी पहाटेच खळ्यांवर जाऊन गंज्या उपसल्या आणि गाड्या भरून आणल्या. शेतकऱ्यांना गंजीला हातही लावू दिला नाही. फौजेची घाई होती.

०६०० वाजता इंजिन सुरू केलं. ०७४० ला टण्ण आवाज झाला आणि पात्याला खाच पडली. मी बोल्ट तपासले, फट तपासली, सगळं ठीक होतं. सुटं पातं चढवलं. ०९१० ला पुन्हा तोच आवाज, आणि ते नवं पातं तडकलं. आता सुटं एकही उरलं नव्हतं. पेंढ्या घाईने घालतोस म्हणून मी सुखरामला चारचौघांत झापलं. खाच पडलेलं पातं मी कानशीने घासून पुन्हा बसवलं. १०३० ला तिसरा दणका बसला, तेव्हा सुखरामने पट्टा उतरवला आणि रुळांत हात घालून एक वस्तू बाहेर काढली. विळ्याचं तुटकं टोक होतं ते.

कॅप्टनसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ये जानबूझकर किया गया है," एवढंच ते म्हणाले. गावातून तणीस जमवून देणारा शेतकरी डोमाजी गाड्यांबरोबर आला होता. त्याला गार्ड तंबूत बसवलं आणि गोंदियाहून पोलीस बोलवायचं ठरलं. सत्तर पोती भरली होती, नव्वद बाकी. तेवढ्यात स्टेशनवरून फील्ड टेलिफोन आला.

"स्पेशल ऑन टाइम. सोळाशे."

"रॉजर," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. चारा नाही तर खेचरं अर्धपोटी जाणार, आणि अर्धपोटी खेचर डोंगरात दारूगोळा चढवत नाही.

मी विळ्याचं टोक घेऊन गार्ड तंबूत गेलो. डोमाजी उकिडवा बसला होता. सुटकेसाठी हातापाया पडेल असं मला वाटलं होतं. त्याने टोकाकडे पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"भेटलं का? द्या बरं, साहेब. माई गंजी उघडी पडली."

"हे तणसात काऊन टाकलं?"

"टाकलं नाही, ठेवलं. नजर नको लागाले म्हणून. गंजी उघडताना घरधनी आपल्या हातानं लोहा काढते, मंग कोनी बी तनीस नेवो. तुमचे शिपाई मले जवळ येऊच देत नव्हते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारलंच नाही."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. माझी आई दरवर्षी आमच्या गंजीत मोडका खिळा खोचायची आणि बाबा तो काढायचे. फौजेत सहा वर्षं काढली आणि घरचं एवढं साधं विसरलो. तिन्ही वेळा दणका नव्या गंजीच्या पहिल्या गाडीलाच बसला होता, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी धावत साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "तो बुलाओ सबको." अर्ध्या तासात गावातले सगळे घरधनी बांधावर हजर झाले. प्रत्येकाने आपापल्या तणसात हात घालून लोखंड काढलं. खिळे, नाल, कुऱ्हाडीचा तुकडा, टोपलीभर जमलं. मी पाती घासली, कागद लावला, कागद साफ कापला गेला. १२०० वाजता पट्टा चढला.

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. शेतकरी पेंढ्या देत होते, सुखराम घालत होता, जवान पोती शिवत होते, आणि मशीन असं गात होतं की मला नाचावंसं वाटत होतं. १५२० ला एकशे साठावं पोतं शिवलं. मी सुखरामला म्हणालो, सकाळी चुकलो. तो म्हणाला, "मालूम आहे मले." आणि हसला.

गाडी सुटताना डोमाजी फलाटावर आला. ते विळ्याचं टोक त्याने सुखरामच्या हातात ठेवलं. "मायाकडं दुसरं आहे. तुमी उघड्यावर जाऊन राहिले."

फेब्रुवारीत एका खिंडीत खेचरांच्या रांगेवर गोळे पडले. सुखराम पुढच्या खेचराचा लगाम धरून होता. त्याने शेवटपर्यंत लगाम सोडला नाही. त्याच्या सामानाची यादी करताना क्लार्कने ते टोक उचलून मला विचारलं, हे काय लिहू. मी सांगितलं, लोखंड लिही. मग मी तंबूच्या मागे जाऊन रडलो.

पुढच्या हिवाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा ते टोक घेऊन दरेकशाला गेलो. सुखरामच्या बापाने टोक हातात घेऊन पाहिलं आणि अंगणातल्या लहानशा गंजीत खोचलं. उन्हाळ्यात बाकीचा चारा संपला तेव्हा त्याने मला निरोप धाडला. मी पुन्हा सुट्टी काढून पोचलो तर म्हातारा गंजीशी उभा होता, हात न लावता.

"घरधनी सुखरामच होता," तो म्हणाला. "आता तू काढ."

मी काढलं.