रुमालाखालची चार बोटं

बाजार उठला की घोडेगावच्या माळावर एक वास मागे राहायचा. तुडवलेल्या कडब्याचा, शेणाचा, बैलांच्या शिंगांना सकाळीच फासलेल्या रंगाचा आणि या सगळ्यांवर हलकेच पसरत जाणाऱ्या उकळत्या चहाचा. कार्तिकातलं कलतं ऊन रिकाम्या दावणींवरून सरकत लिंबाच्या बुंध्याशी येऊन थांबायचं, आणि गिऱ्हाईक नसलेल्या त्या निवांत वेळेत तिथे सिनेमाचा बाजार भरायचा. आज त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली, पण कुठे ओला कडबा हुंगला की मला अजूनही उडणारी माणसं आठवतात.

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात आणि सारा बाजार बाहेर अण्णाच म्हणायचा, जनावरांचे दलाल होते. तिथे भाव तोंडानं सांगायची रीत नव्हती. विकणाऱ्याचा हात आपल्या खांद्यावरच्या रुमालाखाली घ्यायचा, जितका भाव तितकी त्याची बोटं धरायची, त्यानं आपली धरायची, आणि चारचौघांत उभं राहूनही तिसऱ्याला कळू न देता सौदा पटवायचा. रुमालाखाली काय झालं हे अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आई चुलीपुढून मोठ्या कुतूहलानं विचारायची, आणि अण्णा भाकरीचा तुकडा मोडत हवापाण्याबद्दल बोलायचे. बाजारात त्यांच्या शब्दाला जे वजन होतं ते या मुक्या हातामुळे होतं, आणि मला त्याचा तेव्हाही अभिमान वाटायचा, जरी त्यापायी आम्हाला घरात कुठलीच रसभरीत बातमी कधी मिळाली नाही.

नव्वदच्या दशकाचा तो मध्य असावा. बाजारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ सेंटर निघालं होतं आणि दर बाजाराला दुपारी दोनचा खेळ लागायचा. परदेशातले, हिंदीत बोलणारे नवे अचाट वीर तिथे येऊ लागले होते. कुणाच्या अंगात वीज, कुणाच्या पाठीला पंख, कुणी एका हाताने पूल पेलणारा. सकाळपासून बैलांचे दात मोजलेली दणकट माणसं लाकडी बाकांवर बसून हे सगळं तोंड उघडं टाकून पाहायची आणि बाहेर आली की त्यावर तावातावानं भांडायची. भांडण फार वाढून मनं कडू व्हायला नकोत म्हणून सिनेमाचा कौलही रुमालाखालीच घ्यायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सिनेमा जितका आवडला तितकी प्रत्येकानं अण्णांची बोटं धरायची. तीन किंवा जास्त म्हणजे त्याचं मत पास, त्याहून कमी म्हणजे नापास; ज्या बाजूला मतं जास्त, तो कौल. पास झालेला सिनेमा सेंटरवाला पुढच्या बाजाराला पुन्हा लावायचा. बरोबरी झाली, तर अण्णांचं मत अखेरचं.

मी तेव्हा अकरावीत होते. बाजाराच्या दिवशी कॉलेज सकाळीच सुटायचं, एसटीतून तिथे उतरायचं आणि संध्याकाळी अण्णांबरोबर घरी जायचं, असा माझा नेम. त्या दिवशी बायकांच्या बाकावर मी एकटीच होते. त्या सिनेमातला वीर पोलादी झगा पांघरून आभाळात झेपावत होता, इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या धुमाकुळात मला जांभई आली होती. पण शेवटी शेवटी, अख्खं शहर वाचवून झाल्यावर, तो माणूस एका गल्लीतल्या नळावर आपली रक्ताळलेली बाही धुतो, साधा सदरा चढवतो आणि कचेरीत उशिरा पोचल्याबद्दल साहेबाची बोलणी खाली मान घालून ऐकून घेतो. कुठे होतास, या प्रश्नाला उत्तर देत नाही. तेवढ्यानं माझी जांभई पार पळाली. का, ते मला त्या वेळी नीटसं कळलं नव्हतं. ते दृश्य मला पुन्हा पाहायचं होतं, एवढं मात्र पक्कं होतं.

लिंबाखाली तोवर जुंपली होती. शेळ्यांचे व्यापारी गफूरभाई जुन्या मारधाडीच्या सिनेमांचे भक्त. तरुणपणी नगरला सायकल मारत जाऊन पाहिलेले. "शिंगाला रंग फासून म्हातारा बैल इकत्यात, तसला परकार हाय ह्यो," ते म्हणाले. "समदं यंत्राचं. मानूस हाय कुठं त्यात?"

टेम्पोवाला कदम उसळला. "तुमच्या सिनेमात हीरो उडायचा तवा कमरंची तार दिसायची, भाई!"

"दिसायचीच! म्हनून तर जीव वर-खाली व्हायचा. मानूस खरंच टांगलाय, तार तुटली तर मरंल, ह्ये कळायचं. ह्यो पडला तर कुनाचं काय मोडतंय?"

मनातल्या मनात मीही गफूरभाईंना मान डोलावली. अण्णा मिशीत हसत होते. ते गफूरभाईंच्याच पक्षाचे, हे झाडालासुद्धा ठाऊक होतं. मग रुमाल पसरला गेला, आठ हात एकामागून एक त्याखाली जाऊन आले, आणि अण्णा म्हणाले, "बरोबरी. चारास चार."

म्हणजे आता अखेरचं मत अण्णांचं, म्हणजे सिनेमा पडला. कदमनं कपाळावर हात मारला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पण शेवट चांगला होता!"

साऱ्यांनी वळून पाहिलं. कदमला तेवढाच आधार मिळाला. "घ्या की मग तिचाबी हात!" कुणीतरी कुरकुरलं, "पोरीबाळीचा हात कवा रुमालाखाली गेलाय व्हय?" खरंच, त्या बाजारात तसं कधी झालं नव्हतं. माझे कान तापले. उठून एसटी स्टँडवर जाऊन बसावं, असं वाटलं.

अण्णांनी रुमाल पुन्हा पसरला. मग म्हणाले, "तिकीट तिनंबी काढलंय. ये सुमे, हात दे."

रुमालाखाली ऊब होती. अण्णांचा दोरखंडांनी घट्टे पडलेला पंजा मी लहानपणी रस्ता ओलांडताना धरलेला. तो असा, माझ्या उत्तराची वाट पाहत, आधी कधी हाती आला नव्हता. मी त्यांची चार बोटं धरली.  मग त्यांनी माझी दोन बोटं धरली. जाणत्या दलालानं भाव पाडावा तशी. शांतपणे, डोळे दूर कुठेतरी लावून.  बापाच्या शब्दाखातर भलेभले व्यापारी तिथे खाली उतरत, मग माझी काय कथा? दोन म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तो नळ डोळ्यांपुढे आला, ती धुतली जाणारी बाही आली, आणि तोंड मिटून ऐकून घेणारा तो माणूस. मी पुन्हा चारच धरली, या वेळी जरा जोरात.

अण्णांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "पाचास चार. पास," ते म्हणाले. कदम लहान पोरासारखा नाचला. गफूरभाईंनी माझ्याकडे शिवीही नाही आणि आशीर्वादही नाही अशा नजरेनं पाहिलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

घरी जाताना अण्णा वाटभर उसाबद्दल बोलले.  त्यांना दुखावलं की काय, ही रुखरुख उसाच्या हिरव्या वासातून माझ्याबरोबर चालत होती. त्या दोन बोटांनी ते मला खरंच खाली ओढत होते, की मी कितपत टिकते ते पाहत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही मी कधी विचारलं नाही.

अण्णा दारात पाय धूत असताना आईनं सवयीनं विचारलं, काय झालं आज बाजारात? मी आत पुस्तकं ठेवत होते. तांब्यातल्या पाण्याचा आवाज थांबला.

"पोरीनं भाव सोडला न्हाई," अण्णा म्हणाले.

उभ्या हयातीत रुमालाखालची एवढी एकच गोष्ट त्यांनी घरात सांगितली.