एक्स्टर्नलचा वडाभात

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं शिकले असते तर कुठल्या कुठं गेले असते, असं लोक मला सांगतात आणि मी सुस्कारा टाकावा म्हणून थांबतात. मी विद्यापीठ एकदाच आतून पाहिलं, सुनेच्या परीक्षेच्या दिवशी. आपलं फार काही हुकलं असं मला तिथं वाटलं नाही.

सून कामठीची. बाप पॉवरलूमवर. लग्नाच्या बोलणीतच त्यांनी सांगितलं होतं, पोरगी बी.एस्सी. आहे, पुढं शिकायचं म्हणते. माझ्या मुलानं मोठ्या मनाच्या माणसासारखी मान हलवली. लग्न झालं की पोरी विसरतात असा त्याचा हिशेब होता. ही विसरली नाही. बायोकेमिस्ट्रीच्या एम.एस्सी.ला नाव घातलं आणि हुडकेश्वरहून दोन बस बदलून विद्यापीठात जाऊ लागली. तेव्हा मुलानं अट घातली.

"एका जरी विषयात अडकली तं बस झालं. मंग पुन्हा फॉर्म नाही, पुन्हा फी नाही. घरी राहाचं."

स्वतः बी.कॉम. रडतखडत झालेला माणूस हे बोलत होता. सून "बरं" म्हणाली आणि पुस्तकं घेऊन आतल्या खोलीत गेली. त्या एका "बरं"वर तिचं सगळं शिक्षण टांगलेलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

बायोकेमिस्ट्री म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कोणालाच कळलं नाही, पण त्यानं कोणाचं अडलं नाही. ज्याला त्याला वाटलं ही रक्त तपासणारी होणार. मग रोज कोणीतरी आपला रिपोर्ट घेऊन दारात. समोरची बाई कोलेस्टेरॉलचा कागद पुढं करून म्हणाली, "पाह्य नं वं, यात तूप खा म्हणते का नको म्हणते?" सून म्हणाली, "काकू, डॉक्टरले दाखवा." बाई जाताना मला ऐकू येईल असं बोलली, "मंग शिकते काय?" तिचं तूप चालूच आहे. तिला रिपोर्ट नको होता, परवानगी हवी होती.

तिचा अभ्यास घरातही चाले. डिपार्टमेंटमध्ये मूगसुद्धा पोरांनी घरून आणायचे असत, म्हणून ती ते ओल्या फडक्यात बांधून मोड आणत असे. मी कळमन्याच्या बाजारात अर्धं आयुष्य धान्य चाळलं. मोड आलेले मूग खलात कुटून, गाळून, बर्फात ठेवतात हे ऐकून मला हसू आलं. त्या मुगात एक वस्तू असते, ती पिठाची साखर करते, ती किती जोरात करते ते मोजायचं, असं तिनं मला सांगितलं.

"मोड आले की मूग गोड होतेत," मी म्हणाले. "हे तं जिभेले कळते."

"किती गोड ते नाही कळत जिभेले," ती म्हणाली आणि कुटत राहिली.

उत्तर बरोबर होतं. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. कसं मोजतात हेही तिनं सांगितलं. ओळीनं काचेच्या नळ्या मांडायच्या, सगळ्यांत पिठाचं पाणी आणि मुगाचं पाणी घालायचं. मग घड्याळ पाहून एकेका नळीत पिवळं औषध टाकायचं की तिथलं काम थांबतं. नळी उकळली की जितकी साखर झाली असेल तितका लाल रंग येतो. घड्याळावरची नजर हलली की सगळं वाया. परीक्षेत हेच येणार हे पोरांना आधीपासून माहीत होतं, कारण तिथं दरवर्षी हेच येतं.

परीक्षेच्या आधी तिच्या मॅडमचा फोन आला. या मॅडम डिपार्टमेंटच्या प्रमुख. फोन अभ्यासाचा नव्हता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरच्या गावचा एक परीक्षक येतो, त्याला सगळे एक्स्टर्नल म्हणतात. त्याला जेवू घालण्याची तिथं रीत आहे. पोरांनी मिळून करायचं, आणि वर्गात एखादी लग्न झालेली मुलगी असली की ते तिच्यावर येतं. बाकीच्या पोरी हॉस्टेलवर राहतात, हिच्या घरी चूल आहे, म्हणून ही. मेनू व्हॉट्सअ‍ॅपवर आला: वडाभात, कढी, सांबारवडी, आणि "गोड काहीतरी". खाली हात जोडलेलं चित्र.

"तू परीक्षा देऊन राहिली का लग्न लावून राहिली?" मी विचारलं.

"आई, सगळेच करतेत."

"सगळे म्हणजे कोण?"

"म्हणजे दरवर्षी कोणीतरी करते."

परीक्षेच्या सकाळी तिनं स्वयंपाक केला असता तर परीक्षा राहिली असती, म्हणून तो मी केला. डाळी भरड वाटल्या, वडे तळले, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या केल्या, भात मोकळा केला. मुलानं संत्रा बर्फीचा डबा आणून ठेवला आणि आपण फार मोठी मदत केली अशा तोंडानं ऑफिसला गेला. एवढे डबे घेऊन तिला बसमध्ये चढता येणार नव्हतं. मी ऑटो केला आणि सोबत गेले.

डिपार्टमेंट म्हणजे दवाखाना आणि गोदाम यांच्या मधलं काहीतरी. भिंतीला शास्त्रज्ञांचे फोटो, फोटोंवर जाळी. अर्ध्या नळांना पाणी नाही. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून चपराश्यानं मला प्रयोगशाळेच्या दाराशी स्टूल दिला. मी डबे मांडीवर आणि पायाशी घेऊन बसले. समोर पंधरावीस पोरंपोरी पांढरे कोट घालून उभी. निम्म्यांना काय करायचं ते माहीत नव्हतं, ते उरलेल्यांकडे बघत होते. माझी सून खिडकीजवळ होती. तिच्या नळ्या ओळीत उभ्या, मुगाचं पाणी बर्फात, मोबाइलमधलं घड्याळ समोर. घरी हळद वाटीत घालताना सांडणारी पोरगी थेंब थेंब मोजून सोडत होती. तिच्याकडे बघण्यासारखं होतं, पण बघत कोणीच नव्हतं.

एक्स्टर्नल आतल्या खोलीत पंख्याखाली बसले होते. नळ्यांकडे ते एकदा आले आणि माझ्या डब्यांकडे बघून परत गेले.

जेवणाच्या वेळेला मॅडम आल्या. सिल्कची साडी, गळ्यात ओळखपत्र.

"चल गं, वाढायला घे. सरांना शुगर आहे, वेळेवर जेवावं लागतं."

सुनेच्या हातात पिवळ्या औषधाची नळी होती. ती म्हणाली, "मॅडम, थोडा वेळ द्या. नळ्या चालू आहेत."

"अगं, रीडिंगचं काय एवढं? शेजारच्याकडून घे ना. मूग सगळ्यांचे सारखेच."

शेजारच्या पोरानं लगेच आपला कागद पुढं सरकवला. "ले ना वहिनी, लिख ले. इसमें क्या है." त्याचे स्वतःचे आकडे मागच्या वर्षीच्या कोणाचे तरी होते, हे नंतर कळलं. मागच्या वर्षीचे त्याच्या मागच्या वर्षीचे असणार. पहिल्यांदा कोणी खरंच मोजले होते का, देव जाणे.

सुनेनं हातातली नळी खाली ठेवली. कोटाला हात पुसले आणि निघाली.

"तू जागची हालू नको," मी म्हणाले. "नळ्या पाह्य."

सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे वळली. मॅडमना स्टुलावर माणूस आहे हे तेव्हा दिसलं.

"या कोण?"

"सासू. डबे माहे आहेत. तिच्या नळ्या झाल्या की उघडीन."

"आजी, ही परीक्षा आहे. तुम्ही बाहेर बसा."

"परीक्षा आहे तं तिले देऊ द्या. जेवाले घालणं परीक्षेत आहे का?"

मॅडमनी हात पुढं केला. मी मोठा डबा उचलून पोटाशी धरला. माझ्या हातातून डबा ओढून घेणं त्यांच्या साडीला परवडलं नसतं. मग एक्स्टर्नल दारात आले. गोल चेहरा, कपाळावर चष्मा.

"काय, वडाभात आहे म्हणाल्या ना?"

"आहे," मी म्हणाले. "फोडणीचं तेल वेगळं आणलं आहे, ते गरम कराचं आहे. तुमची परीक्षा झाली की."

"माझी?" ते हसले. कोणी हसत नाही हे पाहून आत गेले. साखरेचं शास्त्र शिकवणारा माणूस. पुढ्यात साखरेची परीक्षा चालू, अंगात साखरेचा रोग, आणि जीव बर्फीच्या डब्यात अडकलेला.

सून मघाशीच परत खिडकीपाशी गेली होती, पुढच्या नळीची वेळ टळायच्या आत. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एकेका नळीत औषध टाकत गेली, मग सगळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा पहिली पिवळी, पुढची नारिंगी, त्यापुढची लालसर, अशी ओळ लागली. तिचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

मग मी वाढलं. तेल चांगलं तापवून वड्यांवर ओतलं. एक्स्टर्नल दोनदा भात घेऊन जेवले, बर्फी चार वड्या खाल्ल्या आणि वर शुगरची गोळी घेतली. मॅडम माझ्या हातचं काही जेवल्या नाहीत, फक्त सांबारवडी खाल्ली. तोंडी परीक्षेला शेजारच्या पोराला गावाचं नाव विचारून सोडलं. माझ्या सुनेला इतका वेळ आत ठेवलं की माझी सगळी भांडी घासून झाली.

येताना ऑटोत ती रिकामे डबे मांडीवर घेऊन बसली.

"तुमाले कोणी म्हटलं होतं मधात पडाले?"

"तुह्या नळ्या वाया चालल्या होत्या."

"नळ्या माह्या होत्या. परीक्षा माही होती. आकडे लिहून दिले असते, भात वाढला असता, पास झाली असती. आता त्याहिनं नापास केलं तं तुमचा लेक मले घरी बसवते. तुमचं काय जाते?"

"मंग शिकाले काहून गेली? भात वाढता येतेच तुले."

त्यानंतर निकाल लागेपर्यंत आमचं बोलणं मीठमिरचीपुरतं. मुलानं विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "चांगलं." तो समाधानानं टीव्हीसमोर बसला. त्याला समाधान व्हायला फार काही लागत नाही.

निकाल मोबाइलवर आला. पास. प्रॅक्टिकलला काठावरचे मार्क, पण पास. मुलानं मान हलवली, दुसऱ्या वर्षाची फी भरतो म्हणाला आणि जेवून घेतलं. तो उठल्यावर मी सुनेला म्हणाले, "पाह्य. न वाढताही पास झाली."

ती ताटं गोळा करत होती. "तशी नाही झाली."

"मंग?"

"दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेली होती. त्या म्हणाल्या, सर खूप नाराज आहेत, मी काही करू शकत नाही. मंग मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"का तुमचं डोस्कं ठिकाणावर नाही म्हणून. वयामुळे. घरीबी असंच करता म्हणून."

तिनं ताटं खाली ठेवली नाहीत.

"त्याहिच्या आईलेबी तसंच झालं होतं. त्याहिनं माह्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, किती सोसतेस गं. मंग सरांले फोन केला."

"अजून काय काय सांगितलं माह्याबद्दल?"

"गॅस चालू ठेवता. पोराले वळखत नाही कधी कधी."

"अन्?"

"कपडे उलटे घालता. एकदाच म्हटलं ते."

नळ्या तिच्या खऱ्या होत्या, आकडे खरे होते, त्यावर ती पास झाली नाही. मी वेडी आहे यावर झाली. प्रमुख, एक्स्टर्नल, फोटोतले शास्त्रज्ञ, एवढ्या सगळ्या शिकलेल्या माणसांना हे कारण पटलं आणि मुगाचं पटलं नाही. मी ताटं तिच्या हातातून घेतली आणि घासायला बसले.

हिवाळ्यात आम्ही दोघी बर्डीच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेलो. दुकानाच्या पायरीवर मॅडम समोर. सुनेनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं लागली. दुसरं वर्ष अर्धं व्हायचं होतं, आणि तिचं प्रोजेक्ट याच बाईच्या हाताखाली.

मॅडम वाकल्या. बहिऱ्या पोराशी बोलतात तशा, एकेक शब्द सुटा करून. "आजी, ओळखलंत का मला?"

मला त्यांना बरंच सांगायचं होतं. इतके दिवस जमवून ठेवलं होतं. मी त्यांच्या साडीचा पदर हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, "तू त्या दूधवाल्याची लहानी नं वं? बाप बरा आहे?"

"बघ, किती गोड आहेत," मॅडम सुनेला म्हणाल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले. पिशवीतून एक संत्रं काढून त्यांनी माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. मी ते सालीसकट चावलं.

परतीच्या बसमध्ये सून म्हणाली, "साल खायची काही गरज नव्हती."

"येडेपणाचं सोंग कराचं तं नीट करावं," मी म्हणाले. "अजून तुही एक परीक्षा बाकी आहे." आणि तोंडातला चोथा रुमालात थुंकला.