रुईच्या कोठीतली सखू

मित्रहो, वाचनालयाच्या या फळ्यावर मी, शाळेचा मास्तर, हे लिहितो आहे.

आज जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बालमजूर शोधायला सरकारी तपासणी झाली. तपासणीचा साहेब आला की तिथे कामावरच्या लहान मुलींना लपवायला रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या कोठीत कोंडतात. दुपारी त्यांच्यातल्या सखूची आई धावत माझ्याकडे आली. "मास्तर, साहेब कवाच गेला, पोरी आतच हायेत. मुकादम किल्ली घेऊन त्याच्यासंगं जेवायला गेलाय."

मी पहार उचलून कोठीपाशी धावलो. चौकीदार काठी उगारून म्हणाला, "कुलपाला हात लावला तर डोकं फोडीन, मास्तर. मला मुकादमाचा हुकूम हाय."

"फोड. पण आधी आतला आवाज ऐक."

त्याने माझ्या खांद्यावर काठी हाणली. दुसरी बसायच्या आत मी कुलूप तोडलं. चार मुली बाहेर कोसळल्या. नऊ वर्षांच्या सखूच्या नाकातोंडात रुई भरली होती. दार ओरबाडून तिची नखं रक्ताळली होती. रुईचा बोळा ओकून तिने हळूच विचारलं, "साहेब गेला का?"

तो साहेब तिच्याचसाठी आला होता. आपण तिला त्याचीच भीती शिकवली.

उद्या सकाळी मी सखूला शाळेत नेणार आहे. वाटेत मुकादम माणसं घेऊन आडवा येईल. माझ्याबरोबर कोण चालणार?