एक डोळा धुक्याचा

हुबळीच्या बाजारात माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दुकानात बसून मी साड्यांच्या काठांची चित्रं काढायची. ती बघून त्यांनी मला चित्रकला शिकू दिली. पुढे धारवाडच्या एका शाळेत मी ड्रॉइंग टीचर झाले आणि निवृत्तीपर्यंत तेच केलं. स्वतःचे जलरंग उघडायची ते रविवारी. सकाळच्या गाडीने अळणावरला उतरायचं, सागाखाली बसायचं, दुपारी परत. ती चित्रं फार नीटनेटकी असायची, पान न् पान मोजून घ्यावं अशी. लोक 'छान' म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

साठी उलटली आणि चित्रं बदलली. कडा विरघळायला लागल्या. झाडं एकमेकांत मिसळायची, भाताची शेतं हळूच आभाळात शिरायची, सगळ्यावर मधासारखा उजेड. मला वाटलं, इतक्या वर्षांनी हात सैल झाला. धारवाडात प्रदर्शन भरलं तेव्हा माणसं एकेका चित्रासमोर गप्प उभी राहिली. सप्तापूरच्या एक प्राध्यापिका म्हणाल्या, "अक्का, तुमच्या धुक्यात जाऊन बसावंसं वाटतं." एक सोडून सगळी चित्रं गेली. रिक्षातून घरी येताना मी उगाच हसत होते.

त्यानंतर काही महिन्यांनी आमचे हे एक शर्ट घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "अगं, किती नीळ घालतेस? हा पांढरा शर्ट होता."

"पिवळा पडलाय म्हणून घातली," मी म्हणाले. मला तो अजूनही पिवळाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी हे मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला जुना. आधी उजवा करू, महिन्याने डावा, असं ठरलं.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा चादर इतकी पांढरी होती की निळसर वाटली. आमच्या मळमड्डीत शिरताना कौलांवरचं शेवाळ दिसलं, स्कूटरच्या सीटवरची धूळ दिसली. घरी आले आणि भिंतीवरचं ते एक उरलेलं चित्र बघितलं. हळद कालवल्यासारखं होतं. मी ते उतरवून कपाटामागे ठेवलं.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"ते धुकं अळणावरचं नव्हतंच. माझ्या डोळ्यातलं होतं. लोकांना मी माझा आजार विकला."

ह्यांनी कपाटामागे वाकून चित्र बघितलं. मग म्हणाले, "पण काढलंस तर तूच ना?" त्याने माझं समाधान झालं नाही.

महिना उलटला. मी डाव्या डोळ्याची तारीख घेऊ देत नव्हते. दिवसभर अंगणात बसायची आणि आळीपाळीने डोळे मिटायची. उजव्याने समोरच्या चिंचेची पानं वेगवेगळी दिसायची. डाव्याने तेच झाड झोपेत असल्यासारखं, कुठे संपतं ते कळायचं नाही. एकाच अंगणातून मी दोन गावांना जाऊन यायची. डावं गाव सोडवत नव्हतं.

शेवटी एका रविवारी अळणावर गाठलं. हे छत्री धरून सोबत होते. आधी उजव्या डोळ्यावर रुमाल बांधून एक चित्र काढलं, मग रुमाल डाव्यावर बांधून दुसरं. म्हशी घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि कानडीत म्हणाली, "अक्का, डोळ्याला काय लागलं?" मी तिला सगळं सांगितलं. तिने वाकून दोन्ही कागद बघितले.

"हे आमचंच रान," ती म्हणाली. "हे उजाडतानाचं. आणि हे दुपारचं."

"नाही गं, दोन्ही आत्ताच काढलीत. खरं कुठलं ते मलाच कळेना."

"त्यात कळायचं काय? मी दोन्ही वेळेला इथंच असते," ती म्हणाली आणि म्हशींना हाकारत निघून गेली.

मी कितीतरी वेळ ब्रश हातात धरून तशीच बसले. कागद वाळले, सागाची सावली पायांवरून सरकून गेली. परतीच्या गाडीत मी ह्यांना म्हटलं, "उद्या डॉक्टरांना फोन करा."

डावा डोळाही झाला. धुकं गेलं ते गेलंच. एकदोनदा मुद्दाम आणायचा प्रयत्न केला, पण वरून पांघरूण घातल्यासारखं दिसलं, फाडून टाकलं. सप्तापूरच्या बाई आणखी एक चित्र मागायला आल्या, तेव्हा त्यांना खरं ते सांगितलं. त्या चहा पिऊन गेल्या. चित्र घेतलं नाही. आता चित्रं सावकाश जातात, कधी जातही नाहीत.

हल्ली सकाळी हे पायरीवर पेपर वाचत बसतात. ऊन मागून येतं आणि ह्यांचे कान आरपार गुलाबी होतात. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. सध्या तेच रंगवतेय. हे मध्येच मान हलवतात आणि मी ओरडते.